पिसांच्या रंगाचं गणित मांडणारा माणूस : रेजिनाल्ड पनेट

बेळगाव-निपाणीकडे पीयूसी म्हणा, महाराष्ट्र-गोव्यात बारावी म्हणा, इंदूर-ग्वाल्हेरकडे बारहवी म्हणा; जीवशास्त्राच्या पुस्तकात एक चौकोन हमखास येतो. वरच्या बाजूला एका पालकाकडून येणारी जनुकं, डाव्या बाजूला दुसऱ्याकडून येणारी, आणि मधल्या घरांत होणारी संतती. राज्य बदललं, माध्यम बदललं, तरी चौकोन तोच. 'पनेट स्क्वेअर' असं त्याचं नाव. मुलं दोन-चार मार्कांसाठी तो पाठ करतात आणि पुढच्या धड्याकडे वळतात.

पुस्तकात उदाहरण असतं ते मेंडेलच्या वाटाण्याचं. त्यामुळे पनेट नावाचा खराखुरा माणूस होता, त्याच्या आयुष्यातली बरीच वर्षं वाटाण्याइतकीच कोंबड्यांच्या खुराड्यांतही गेली, हे सहसा कुणी सांगत नाही. खरं तर घरामागे चार कोंबड्या पाळणाऱ्याला पडणारा साधा प्रश्न त्या चौकोनात आहे. काळा कोंबडा आणि पांढरी कोंबडी एकत्र सोडली, तर पिल्लं कोणत्या रंगाची निघतील? आपल्याकडे या प्रश्नाला पैशाचंही अंग आहे. रंगीत पिसांची गावठी कोंबडी आणि पांढरी बॉयलर यांच्या भावात किती फरक पडतो, ते बाजारात जाणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

रेजिनाल्ड क्रंडल पनेट यांचा जन्म २० जून १८७५ चा, इंग्लंडच्या केंट परगण्यातल्या टनब्रिज गावचा. वडिलांचा बांधकामाचा धंदा होता. लहानपणी अपेंडिक्सच्या दुखण्यानं या मुलाला बरेच दिवस अंथरुणात काढावे लागले. त्या काळात हाताशी होती ती प्राणी-पक्ष्यांवरची जुनी चित्रमय पुस्तकं. ती त्यानं वाचून काढली आणि तिथूनच आवड लागली. पुढे ब्रिस्टलजवळच्या क्लिफ्टन कॉलेजात शिक्षण, मग केंब्रिजचं गॉनव्हिल अँड कीज कॉलेज. गेला होता डॉक्टर व्हायला, पण वळला प्राणिशास्त्राकडे. १८९८ मध्ये पदवी घेतली. मग इटलीत नेपल्सच्या सागरी संशोधन केंद्रात काही काळ काम केलं, स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठात शिकवलं. त्या वेळचा त्यांचा अभ्यासविषय होता समुद्रातले फितीसारखे लांबलचक किडे. त्या विषयात त्यांचं नाव झालं होतं आणि त्याच वाटेनं गेले असते, तर आज मोजके तज्ज्ञ सोडून कुणाला ते ठाऊक नसते.

वाट बदलली ती विल्यम बेटसन यांच्यामुळे.

मेंडेलनं वाटाण्यावरचे प्रयोग १८६६ मध्ये छापले होते, पण पस्तीसएक वर्षं ते कुणी मनावर घेतले नाहीत. १९०० मध्ये युरोपातल्या तिघा वनस्पतिशास्त्रज्ञांनी ते पुन्हा उजेडात आणले. इंग्लंडमध्ये मेंडेलचा झेंडा हातात घेतला तो बेटसननी. ते केंब्रिजजवळ ग्रँटचेस्टर नावाच्या खेड्यात राहत. घराच्या आवारातच प्रयोगशाळा, म्हणजे एकीकडे वाटाण्याचे वाफे आणि दुसरीकडे कोंबड्यांची खुराडी. वाटाण्याला लागू पडणारा नियम प्राण्यांनाही लागू पडतो, हे दाखवणाऱ्या अगदी पहिल्या प्रयोगांत बेटसन यांचे कोंबड्यांच्या तुऱ्यांवरचे प्रयोग होते. १९०२ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले.

या कामात त्यांच्या बरोबरीनं उभ्या होत्या एडिथ सॉन्डर्स. केंब्रिजच्या न्यूनहॅम या महिला कॉलेजातल्या आणखी काही जणीही होत्या. कुणी उंदरांच्या रंगांवर काम करत होतं, कुणी कॅनरी पक्ष्यांवर, कुणी फुलांच्या रंगद्रव्यांवर. केंब्रिज विद्यापीठानं बायकांना रीतसर पदवी द्यायला सुरुवात केली ती थेट १९४८ मध्ये. म्हणजे नव्या शास्त्राचा पाया घालणाऱ्या या बायका त्या विद्यापीठाच्या हिशेबी पदवीधरही नव्हत्या. चौकोनाला नाव लागलं ते पनेट यांचं, पण त्या चौकोनातले आकडे गोळा करण्यात यांचे हात होते, एवढं इथे सांगून ठेवायला हवं.

१९०४ च्या सुमाराला पनेट या मंडळींत सामील झाले. त्याच वर्षी बेटसन यांना मुलगा झाला, त्याचं नाव ठेवलं ग्रेगरी, ग्रेगर मेंडेलवरून. घरात मेंडेलचं वेड किती होतं ते यावरून समजावं. पुढे हाच ग्रेगरी बेटसन मानववंशशास्त्रज्ञ म्हणून जगभर गाजला.

कोंबड्यांवरचं काम ऐकायला सोपं वाटतं, पण करायला किचकट. कुठलं अंडं कुठल्या कोंबडीचं, बाप कोणता, कोणत्या दिवशी पिल्लू बाहेर पडलं, अंगावरची लव कोणत्या रंगाची, मोठेपणी पिसं कशी आली, ही नोंद शेकडो पिल्लांची ठेवावी लागते. एक कोंबडा चुकून दुसऱ्या खुराड्यात शिरला की वर्षाची मेहनत पाण्यात. शिवाय पीक एका हंगामात हाती येतं, कोंबडीच्या दोन पिढ्या बघायच्या तर दोन वर्षं जातात.

त्यांच्या खुराड्यातली सगळ्यात मजेदार जात म्हणजे निळी अँडालुशियन. निळी म्हणजे आकाशी नव्हे. राखाडीवर निळसर झाक मारणारी, पाटीच्या रंगाची. हौशी लोक ही जात प्रदर्शनात मांडत, बक्षिसं मिळवत. पण तिची एक खोड होती. निळा कोंबडा आणि निळी कोंबडी, दोन्ही अव्वल, बक्षीसपात्र असले तरी पिल्लं सगळी निळी निघत नसत. काही काळी निघत, काही पांढुरकी, मळकट ठिपक्यांची. पाळणारे म्हणत, जातीत भेसळ आहे. काळी आणि पांढुरकी पिल्लं बाजूला काढून टाकायची आणि पुढच्या वर्षी पुन्हा निळ्यांनाच जोडायचं. असं पिढ्यान्‌पिढ्या चाललं होतं. खोड काही जाईना.

बेटसन आणि पनेट यांनी पिल्लं मोजली. चारात एक काळं, दोन निळी, एक पांढुरकं, असं प्रमाण येत होतं. हे भेसळीचं लक्षण नाही, हा तर मेंडेलचा नियम. निळं पाखरू म्हणजे एका बाजूनं काळ्याचं जनुक आणि दुसऱ्या बाजूनं पांढुरक्याचं. त्याच्या पोटी पुढे चौघांत दोघंच निळी होणार, तुम्ही कितीही निवडून घ्या. निळ्याची शुद्ध जात होऊच शकत नाही.

आणि गंमत पुढेच आहे. सगळी पिल्लं निळी हवी असतील तर काय करायचं? ज्यांना टाकाऊ म्हणून बाजूला काढलं, तो काळा आणि ती पांढुरकी, यांनाच एकत्र आणायचं. पिल्लं शंभर टक्के निळी. म्हणजे हौशी लोक इतकी वर्षं नेमकं हवं ते फेकून देत होते. कागदावरच्या गणितानं मुरलेल्या कोंबडीवाल्यांना त्यांच्याच धंद्यातलं सांगावं, असा हा प्रसंग होता. पनेट यांनी आपल्या 'मेंडेलिझम' या छोट्या पुस्तकात निळ्या अँडालुशियनचं उदाहरण मोठ्या आवडीनं घेतलं आहे. १९०५ मध्ये निघालेलं हे पुस्तक सामान्य वाचकाला मेंडेल समजावून सांगणाऱ्या पहिल्या पुस्तकांपैकी. त्याच्या पुढे अनेक आवृत्त्या निघाल्या, इतर भाषांत भाषांतरं झाली.

याच सुमाराला, १९०५-०६ मध्ये, तो चौकोन आकाराला आला. मूळ कल्पना अगदीच नवी म्हणता येणार नाही, कारण मेंडेलच्या निबंधातही तशा मांडणीची एक आकृती आहे. पण वर आणि बाजूला जनुकं लिहून, मधली घरं भरून, मोजून उत्तर काढायची सोपी रीत रूढ केली ती पनेट यांनी. निळ्यासाठी करून बघा. वर लिहा काळं आणि पांढुरकं, बाजूला लिहा काळं आणि पांढुरकं. चार घरं होतात. पहिल्यात काळं-काळं, म्हणजे काळं पिल्लू. पुढच्या दोन घरांत एक-एक, म्हणजे दोन निळी. शेवटच्यात पांढुरकं-पांढुरकं. झालं. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायची. चौकोन सांगतो ती शक्यता. चार अंडी उबवली आणि चारही काळी निघाली, तर चौकोन खोटा ठरत नाही. नाणं चार वेळा उडवून चारही वेळा छापा पडू शकतो, तसंच हे. चारशे अंडी उबवा, मग हिशेब जुळत येतो.

दोन गुण एकदम बघायचे असले तर चौकोन सोळा घरांचा होतो. त्याचं ठळक उदाहरण तुऱ्यांचं. एका जातीला गुलाबी म्हणतात तसला रुंद, खरखरीत तुरा असतो; दुसऱ्या जातीला वाटाण्याचे दाणे ओळीनं मांडावेत तसा बुटका. या दोघांची पिल्लं काढली तर तुरा भलताच निघतो, अक्रोडाच्या कवचासारखा, जो आईला नाही की बापाला नाही. ही अक्रोडतुऱ्याची पिल्लं मोठी करून आपसात जोडली तर सोळांत नऊ अक्रोडतुऱ्याची, तीन गुलाबी, तीन वाटाणी आणि एक साध्या उभ्या तुऱ्याचं. तो साधा तुरा आला कुठून? आजी-आजोबांत तो कुणालाच नव्हता. दोन वेगळी जनुकं मिळून एक गुण घडवतात, हे इथे उघड झालं. त्या आधी अशा अचानक उगवलेल्या गुणाला लोक पूर्वजांकडे परत जाणं म्हणत आणि विषय संपवत.

पांढऱ्या रंगाची तऱ्हाही अशीच. पांढरी कोंबडी म्हणजे एकच प्रकार, असं आपण धरून चालतो. पण पांढऱ्या लेगहॉर्नचा पांढरेपणा दांडगा असतो. दुसऱ्या रंगाशी जोडली तर पिल्लं पांढरीच निघतात, फार तर अंगावर चार-दोन रंगीत पिसं. उलट सिल्की नावाच्या रेशमी पिसांच्या कोंबडीचा पांढरेपणा पड खाणारा. रंगीत जातीशी जोडली की पिल्लांत तो लपतो. इतकंच नाही, पड खाणारे पांढरेही दोन वेगळ्या कारणांनी पांढरे असू शकतात आणि अशा दोन पांढऱ्यांची पिल्लं चक्क रंगीत होतात. शेजारणीच्या पांढऱ्या कोंबडीला आपला पांढरा कोंबडा, आणि पिल्लं तांबडी-काळी! भांडण व्हायला एवढं पुरे. पण दोष शेजारच्या कोंबड्याचा असेलच असं नाही.

सिल्कीबद्दल आणखी थोडं, कारण इंदूरकडच्या वाचकांना ते जवळचं वाटेल. सिल्कीची पिसं पांढरी, पण कातडी काळी, हाडांवरचं आवरण काळं, मांसही काळसर. झाबुआचा कडकनाथ आठवला ना? त्याचं काळेपण आणि सिल्कीचं काळेपण यांच्या मुळाशी जनुकांतला एकच बदल आहे, असं अलीकडच्या अभ्यासांतून दिसलं आहे. बेटसन-पनेट यांना जनुकाच्या आतलं काही दिसत नव्हतं, पण १९११ मध्ये त्यांनी या काळ्या कातडीचा हिशेब मांडला. तपकिरी लेगहॉर्न कोंबडी आणि सिल्की कोंबडा जोडले तर नर पिल्लं उजळ कातडीची, माद्या काळ्या. आणि जोडी उलटी केली, सिल्की कोंबडी व लेगहॉर्न कोंबडा, तर सगळीच उजळ. म्हणजे कोण आई आणि कोण बाप, यावर उत्तर बदलत होतं. साध्या चौकोनात हे बसत नाही. हा धागा पुढे पनेट यांच्या फार कामी आला.

त्याआधी १९०८ ची गोष्ट सांगायला हवी. लंडनच्या वैद्यक सभेत पनेट यांचं व्याख्यान होतं. तिथे संख्याशास्त्रज्ञ उडनी यूल यांच्याशी वाद झाला. प्रभावी गुण जर वरचढ ठरतो, तर हळूहळू सगळ्या समाजात तोच का पसरत नाही? तपकिरी डोळे वरचढ, मग निळ्या डोळ्यांची माणसं अजून शिल्लक कशी? काहीतरी चुकतंय हे पनेट यांना कळत होतं, पण ते गणितानं दाखवता येईना. केंब्रिजला परतल्यावर त्यांनी प्रश्न टाकला तो आपल्या क्रिकेटमधल्या दोस्ताकडे. हा दोस्त म्हणजे जी. एच. हार्डी, त्या काळातला इंग्लंडचा नामांकित गणिती. हार्डींना ते अगदी क्षुल्लक गणित वाटलं. त्यांनी दाखवून दिलं की बाकी काही ढवळाढवळ झाली नाही तर प्रमाण पिढ्यान्‌पिढ्या तेच राहतं. जर्मनीतल्या वाइनबर्ग नावाच्या डॉक्टरनं त्याच वर्षी तेच वेगळ्या वाटेनं शोधलं होतं. आज हा हार्डी-वाइनबर्गचा नियम म्हणून शिकवला जातो. शुद्ध, निरुपयोगी गणिताचा अभिमान बाळगणाऱ्या हार्डींचं नाव जीवशास्त्राच्या प्रत्येक पुस्तकात गेलं, ते पनेट यांच्या एका अडचणीमुळे. याच हार्डींनी पुढे सहा वर्षांनी मद्रासच्या कारकुनाला, श्रीनिवास रामानुजनला, केंब्रिजला नेलं.

आता पनेट यांच्या हातून निसटलेल्या गोष्टीकडे. चरित्र सांगायचं तर हेही सांगावं लागतं. १९०५ मध्ये गोड वाटाण्याच्या फुलांवर काम करताना बेटसन, सॉन्डर्स आणि पनेट यांना दिसलं की दोन गुण नेहमी स्वतंत्र वागत नाहीत. जांभळी फुलं आणि लांबट पराग, तांबडी फुलं आणि गोल पराग, अशा जोड्या अपेक्षेपेक्षा फार जास्त निघत होत्या. सोळा घरांचा हिशेब जुळेना. आज कुणीही सांगेल की ती जनुकं एकाच गुणसूत्रावर शेजारी बसलेली आहेत, म्हणून बरोबर प्रवास करतात. पण बेटसन यांचा गुणसूत्रांवर विश्वास नव्हता आणि पनेट त्यांच्याच मागे होते. त्यांनी वेगळेच किचकट खुलासे काढले. पाच-सहा वर्षांनी अमेरिकेत टॉमस हंट मॉर्गन यांनी फळमाशीवर तेच पाहिलं, खरा अर्थ ओळखला आणि पुढे १९३३ मध्ये नोबेल मिळवलं. किल्ली आधी केंब्रिजवाल्यांच्या हाती आली होती, कुलूप मात्र मॉर्गननी उघडलं. गुरूवरची निष्ठा कधी कधी महाग पडते, एवढंच माझं मत.

मधली काही वर्षं भराभर जातात. १९०९ मध्ये ते सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला, फुलपाखरांची नक्कल अभ्यासायला गेले. आपल्याकडे कढीपत्त्यावर, लिंबावर अंडी घालणारं काळं कॉमन मॉरमॉन फुलपाखरू दिसतं ना, त्याच्या काही माद्या दुसऱ्या, बेचव फुलपाखराचं रूप घेऊन पाखरांना फसवतात. हे सोंग हळूहळू नाही, एका उडीत आलं असावं, असं पनेट यांचं म्हणणं. १९१५ मध्ये त्यावर त्यांनी पुस्तक लिहिलं. रोनाल्ड फिशर यांनी पुढे ते खोडून काढायचा जोरदार प्रयत्न केला. १९१० मध्ये बेटसन केंब्रिज सोडून गेले, त्यांच्या जागी पनेट प्राध्यापक झाले. १९१२ मध्ये केंब्रिजला आनुवंशशास्त्राचं स्वतंत्र अध्यासन निघालं, ब्रिटनमधलं पहिलं, आणि पहिले प्राध्यापक पनेट. त्याच वर्षी रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळालं. १९१३ मध्ये लग्न झालं. मूलबाळ झालं नाही.

मग आलं पहिलं महायुद्ध, आणि कोंबड्यांच्या पिसांना एकदम राष्ट्रीय महत्त्व आलं.

जर्मन पाणबुड्या धान्याची जहाजं बुडवत होत्या. इंग्लंडात माणसांनाच धान्य तुटपुंजं, तिथे कोंबड्यांना कुठलं घालायचं? पण अंडी तर हवीच होती. अडचण अशी की पिल्लू अंड्यातून बाहेर पडतं तेव्हा नर की मादी हे वरून कळत नाही. कळायला काही आठवडे जातात. निम्मी पिल्लं नर असतात. ती अंडी देणार नाहीत, पण तेवढे दिवस दाणा खाणार. म्हणजे टंचाईतला दाणा निम्मा वायाच. आज कारखान्यासारख्या उबवणी केंद्रांत पिल्लाचा मागचा भाग दाबून बघणारे कसबी लोक असतात, पण ती जपानी विद्या पाश्चात्त्य देशांत पसरली १९३० नंतर. १९१४-१८ मध्ये ती तिथे कुणाला येत नव्हती.

पनेट तेव्हा सरकारच्या अन्नोत्पादन खात्यासाठी काम करत होते. त्यांनी सुचवलं, पिल्लाच्या लवेचा रंग बघा. इथे तो सिल्कीचा धागा कामाला आला. माणसात बापाकडे वेगळी जोडी असते आणि मुलगा की मुलगी हे बापाकडून ठरतं. पक्ष्यांत उलट असतं, वेगळी जोडी कोंबडीकडे. तिचं ते मोठं लिंगसूत्र ती फक्त मुलाला देते. मुलीला ते मिळतं एकट्या बापाकडून. साध्या भाषेत, त्या सूत्रावर बसलेल्या रंगाच्या बाबतीत लेक पूर्णपणे बापाच्या वळणावर जाते.

आता जोडी लावा. आई प्लायमाउथ रॉक, काळ्या-पांढऱ्या आडव्या पट्ट्यांची; बाप एकरंगी काळा. मुलींना पट्टा मिळणार नाही, कारण बापाकडे तो नाही. मुलांना आईकडून मिळणार. अंड्यातून बाहेर पडल्या दिवशीच मुलग्यांच्या डोक्यावर फिकट ठिपका, मुलींच्या डोक्यावर नाही. किंवा सोनेरी-तांबड्या ऱ्होड आयलंड रेडचा कोंबडा आणि पांढऱ्या लाइट ससेक्सची कोंबडी घ्या. मुलगे फिकट पिवळट, मुली तांबूस. टोपलीत हात घालून कुणीही वेगळी करावीत. जोडी उलटी लावली तर मात्र सगळं मुसळ केरात, नर-मादी सारखेच दिसतील. पट्ट्याचं हे लिंगाशी जोडलेलं वागणं त्याआधी अमेरिकेतही लक्षात आलं होतं, पण संकटाच्या वेळी ते अन्नखात्याच्या व्यवहारात आणण्याचं श्रेय पनेट यांचं. १९२३ मध्ये त्यांनी 'हेरेडिटी इन पोल्ट्री' हे पुस्तक लिहून कोंबडीपालकांपुढे सगळं मांडलं. त्यात रंग आहेतच, पण अंड्याच्या कवचाचा रंग आहे, कोंबडी खुडूक का बसते त्याचीही आनुवंशिकता आहे. खुडूक कोंबडी अंडी द्यायची थांबते, म्हणजे धंद्याला थेट तोटा. प्राध्यापकानं त्यावर शोधनिबंध लिहावा हे अनेकांना तेव्हा हलकं वाटलं असेल, कोंबडीवाल्याला खचितच वाटलं नसेल.

तरी एक गैरसोय राहत होती. या युक्तीसाठी दर वर्षी दोन वेगळ्या जाती पाळाव्या लागत. त्यांच्या मिश्र पिल्लांपासून पुढे हा खेळ चालत नाही. पनेट आणि त्यांचे सहकारी मायकेल पीज यांनी मग डोकं लढवलं. पट्ट्याचं जनुक नराकडे दोन असू शकतात, मादीकडे एकच. काळ्या कोंबडीत एक की दोन हे पिल्लाच्या लवेवरून ओळखणं कठीण. पण सोनेरी रंगावर तेच जनुक आणलं तर दोनवाला नर फारच फिकट दिसेल आणि एकवाली मादी गडद. म्हणून त्यांनी बेल्जियमच्या सोनेरी कॅम्पाइन जातीत प्लायमाउथ रॉकचा पट्टा उतरवला. १९२९-३० च्या सुमारास तयार झालेल्या या जातीचं नाव कॅम्बार. जात शुद्ध, आणि तरी दर पिढीत पहिल्याच दिवशी नर कोणता, मादी कोणती ते अंगावर लिहिलेलं. अशी ही पहिलीच जात. तिच्या मागून पीज यांनी लेगबार आणि इतर जाती काढल्या. क्रीम लेगबार आजही हौशी लोक पाळतात; तिची अंडी निळसर असतात. निळं अंडं दक्षिण अमेरिकेतल्या कोंबड्यांकडून आलेलं, आणि तो रंग एकाच प्रभावी जनुकाचा खेळ आहे हे दाखवणारा १९३३ चा निबंधही पनेट यांचाच.

वेगळ्या काढलेल्या नर पिल्लांचं काय होत असे? काही खाण्यासाठी वाढवली जात, बरीच मारली जात. अंड्यांच्या धंद्यात जगभर आजही पहिल्याच दिवशी नर पिल्लं मारतात. जर्मनीनं २०२२ पासून त्यावर बंदी घातली. पनेट यांच्या युक्तीनं दाणा वाचला, पिल्लं वाचली नाहीत. ज्या टंचाईत ते काम झालं ती बघता त्यांना दोष देणं सोपं नाही, पण ही बाजू झाकून त्यांची थोरवी गाण्यात अर्थ नाही.

झाकू नये अशी दुसरीही एक बाजू आहे. त्या काळातल्या अनेक शिकलेल्या इंग्रजांप्रमाणे पनेट सुप्रजननाच्या चळवळीत होते. जे मंदबुद्धी ठरवले जातील त्यांना मुलं होऊ देऊ नयेत, म्हणजे समाज सुधारेल, असा त्या चळवळीचा एक सूर. तो गुण एका अप्रभावी जनुकामुळे येतो हेच मुळात चुकीचं गृहीतक होतं. तेच धरून १९१७ मध्ये पनेट यांनी हिशेब केला. शंभरात एक हे प्रमाण लाखात एकावर आणायला किती काळ लागेल? उत्तर आलं आठ हजार वर्षांहून जास्त. कारण अप्रभावी जनुक धडधाकट माणसांतच लपून राहतं, तिथे बंदी पोहोचत नाही. या एका आकड्यावर चळवळ कोसळायला हवी होती. पण पनेट यांनी त्यातून काढलेला अर्थ वेगळा होता: लपलेलं जनुक वाहणारी माणसं शोधून काढायचे मार्ग हवेत. गणित त्यांना बरोबर ठिकाणी घेऊन गेलं होतं. माणूस म्हणून ते तिथे थांबले नाहीत. कोंबड्यांच्या खुराड्यात जे चालतं ते माणसांच्या वस्तीत चालवायचा हा मोह पुढच्या दोन दशकांत जर्मनीत कुठल्या थराला गेला, ते सगळ्यांना ठाऊक आहे.

१९२२ मध्ये रॉयल सोसायटीचं डार्विन पदक त्यांना मिळालं. १९४० मध्ये ते निवृत्त झाले आणि सॉमरसेटमधल्या बिलब्रुक या खेड्यात राहायला गेले. त्यांच्या अध्यासनावर १९४३ मध्ये कोण आलं? तेच रोनाल्ड फिशर, फुलपाखरांवरून त्यांच्याशी वाद घातलेले. फिशर यांच्या काळात आनुवंशशास्त्र पूर्ण गणिती झालं. पनेट यांच्या हातचं शास्त्र वही, पेन्सिल आणि खुराड्याचं होतं. ते मागे पडत गेलं. ३ जानेवारी १९६७ रोजी, एक्याण्णवाव्या वर्षी ते वारले. तोवर डीएनएची रचना उलगडून तेरा-चौदा वर्षं झाली होती.

एक गोष्ट मात्र आपल्याकडे आली. बेटसन आणि पनेट यांनी १९१० मध्ये 'जर्नल ऑफ जेनेटिक्स' हे नियतकालिक काढलं होतं. १९२६ मध्ये बेटसन गेल्यावर पनेट यांनी ते वीस वर्षं एकट्यानं चालवलं आणि १९४६ मध्ये जे. बी. एस. हाल्डेन यांच्या हवाली केलं. हाल्डेन १९५७ मध्ये इंग्लंड सोडून भारतात आले, तसं तेही त्यांच्याबरोबर आलं, आधी कोलकात्याला, मग भुवनेश्वरला. १९६४ मध्ये हाल्डेन वारले. त्यांच्या पत्नी हेलन स्परवे यांनी ते पुढे सांभाळलं. त्या १९७८ मध्ये हैदराबादला निवर्तल्या. काही वर्षं खंड पडला. १९८५ पासून बंगळूरची भारतीय विज्ञान अकादमी ते काढते, आणि ते अजून चालू आहे.